कोपऱ्याचं भोक चौघांचं

आमच्या कारखान्यात दरवर्षी सुधारणा-स्पर्धा होते. प्रत्येकाने आपल्या विभागातले एखादे काम कमी वेळात कसे होईल ते मोजून दाखवायचे आणि एका छापील तक्त्यात भरायचे. समस्या, कारण, उपाय, पूर्वीचा वेळ, आताचा वेळ; आणि सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना, 'मनुष्यबळ बचत'. त्या रकान्यात मी 'एक' असे लिहिले, तेव्हा तो एक कोण हे मला नेमके ठाऊक होते. ते काम मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

सगळे त्यांना पेंटर म्हणत. मी पेंटरकाका म्हणे.

मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारा आमचा कारखाना चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पेंटरकाका तिथे आले ते पाट्या रंगवायला. 'हात आत घालू नये', 'येथे थुंकू नये', 'तेल सांडले आहे'. पुढे पाट्या छापून येऊ लागल्या, ब्रश गेला, संगणक आला. ते राहिले आणि त्यांचे नावही राहिले. ठेकेदार मात्र बदलत. काही महिन्यांनी नवा ठेकेदार, नवा गेटपास, आणि कागदोपत्री त्यांची नोकरी त्या दिवसापासून सुरू.

त्यांची खोली प्रेस शॉपच्या वर, पत्र्याच्या माळ्यावर होती. खाली मोठा प्रेस आदळला की पडद्यावरचे चित्र थरथरे. प्रशिक्षणार्थी म्हणून माझा तिथला पहिला दिवस आठवतो. एक साठीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर पिवळे हेल्मेट, पायांत लोखंडी टोकाचे बूट, अशा थाटात संगणकापुढे बसला होता.

"काका, इथे हेल्मेट कशाला?"

"खाली पाटी वाचली न्हाई का? हेल्मेटशिवाय प्रवेश न्हाई."

"ती जिन्यापाशी आहे. खोलीत नाही."

"पाटी म्या रंगवलीय, मॅडम. म्याच काडून ठिवलं तर लोकं मनतील, पेंटरचंच खरं न्हाई."

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली. मला थांबणे जमत नाही. दिघीहून सुटलेली कंपनीची बस मोशीच्या चौकात अडकली की मी खिडकीतून पुढच्या वाहनांचा वेग काढत बसते. अशा मुलीला गुणवत्ता विभागाने सूचनाफलक करून आणण्यासाठी या माणसाकडे पाठवले होते. काम अर्ध्या तासाचे होते. मी तिथे दुपारपर्यंत थांबले, आणि नंतर काही ना काही निमित्ताने जात राहिले. कारण होते तिकीट.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या कामगाराला शाल आणि श्रीफळाबरोबर एक फ्रेम मिळते. तिच्यात त्याचा फोटो टपालतिकिटाच्या रूपात असतो: चारी कडांना दाते, आत पांढरी पट्टी, मध्ये चेहरा, आणि तिकिटावर जिथे किंमत छापतात त्या कोपऱ्यात, त्या माणसाने आयुष्यभर ज्या भागाचे उत्पादन केले त्याचे इवलेसे चित्र. कोणाचे ब्रॅकेट, कोणाची बिजागरी, कोणाचे पेट्रोलच्या टाकीचे झाकण. ही प्रथा पेंटरकाकांनी एकट्याने, कोणालाही न विचारता सुरू केली होती. मी गेले तोवर ती कामगारांच्या बोलण्यात इतकी मुरली होती की निवृत्तीला कोणी निवृत्ती म्हणतच नसे.

"नाना, तुमचं तिकीट कदी?"

"दिवाळीच्या आदी. का, घाई झाली व्हय तुला माज्या मशीनवर यायची?"

असे संवाद कँटीनच्या रांगेत ऐकू येत.

तिकिटाची करामत तशी सोपी आहे. फोटोभोवती पांढरी चौकट सोडायची आणि तिच्या कडेने एक रेषा आखायची. मग सॉफ्टवेअरमधला खोडरबर गोल टोकाचा निवडायचा आणि त्याला सांगायचे की या रेषेवरून धाव, पण सलग नको. ठरावीक अंतराने एकेक ठसा उमटव. तो धावतो, आणि ठशागणिक कडेचा अर्धगोल तुकडा पुसला जातो. उरतात ते दाते. "आपन काडत काईच न्हाई," पेंटरकाका म्हणत. "आपन फकस्त खातो कडंकडंनं. उरंल त्ये तिकीट."

अडचण कोपऱ्याची. खोडरबर चारी बाजू फिरून जिथून निघाला तिथे परत येतो, तेव्हा शेवटचा ठसा पहिल्यावर चढतो, किंवा मध्ये एक जाडजूड दाता उरतो. कोपरा कुरतडल्यासारखा दिसतो. पेंटरकाकांना हे अजिबात खपत नसे. ते केलेले सगळे रद्द करत, चौकट केसाएवढी सरकवत, माउसवर फुंकर मारत आणि पुन्हा खोडरबर सोडत. एका तिकिटासाठी त्यांनी हे एकोणीस वेळा केलेले मी मोजले आहे. जवळ एक पोलादी पट्टी असे. ती पडद्याला लावून ते दोन सेंटीमीटरमधले दाते मोजत, ओठ हलवत, देवळात जप करावा तसे.

"कोपरा कोण बघतं, काका?"

"खऱ्या तिकिटांचा ताव बगितलाय कदी? चार तिकिटं जितं भेटतात, तितं एकच भोक असतंय. कोपऱ्याचं भोक चौघांचं. त्ये बिगाडलं मंजी एकाचं न्हाई, चौघांचं बिगाडलं."

"पण तुमचं तिकीट तर एकटंच असतं. शेजारी कोणी नाही."

यावर त्यांनी फुंकर मारली. कारण सांगायची वेळ आली की ते माउसवर फुंकर मारत, ही त्यांची पद्धत मी लवकरच ओळखली.

त्यांना तिकिटांचा छंद असावा असा माझा तर्क होता, तो चुकला. त्यांच्याकडे तिकिटांचा संग्रह नव्हता. आयुष्यात त्यांनी दोनच पत्रे टाकली होती आणि दोन्ही आमच्याच कंपनीला: नोकरीत कायम करण्याविषयीचे अर्ज. कंपनीत रोज येणारा माणूस कंपनीला टपालाने पत्र का पाठवतो, असे मी विचारले.

"हातात दिलं आस्तं तर सायबानं तितंच टेबलावर ठिवलं आस्तं. टपालानं गेलं की आवक नंबर पडतो."

"आणि उत्तर?"

"नंबर पडला की."

कोपऱ्याचा प्रश्न मी एका दुपारी सोडवला. सरळ भागाकार होता. दोन ठशांतले अंतर निश्चित करा आणि चौकटीची लांबी व रुंदी त्या अंतराच्या पूर्ण पटीत घ्या. खोडरबर प्रत्येक कोपऱ्यावर अचूक येईल. मी आकडे भरले, रेषेवर खोडरबर सोडला, आणि चारी कोपरे पहिल्याच फेरीत स्वच्छ उतरले. पेंटरकाकांनी पट्टी लावली. दाते मोजले. पुन्हा मोजले.

"मंजी आता चुकनारच न्हाई?"

"नाही."

"कदीच?"

"गणित आहे, काका."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मंग बगत कोन बसनार?" ते म्हणाले. मला वाटले, हा विनोद आहे. मी हसले.

माझा प्रशिक्षणाचा काळ संपत आला होता. आम्हा प्रशिक्षणार्थींपैकी मोजक्यांनाच कायम करणार होते. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितले, "हुशार आहात, पण हुशारी कागदावर दिसत नाही. स्पर्धेत काहीतरी मोजून दाखवा." मला चाकणहून पुढे जायचे होते, संशोधन विभागात, आणि त्याची पहिली पायरी हीच होती. मी आजूबाजूला मोजण्याजोगे काय आहे ते पाहू लागले, आणि माझी नजर माळ्यावर गेली.

तीन तिकिटांचा वेळ मी फोनवर नोंदवला. पेंटरकाकांना सांगितले नाही. निकाल आश्चर्यकारक होता. सॉफ्टवेअरमधले काम अगदी थोडे. उरलेला वेळ भलतीकडेच जात होता. ते खाली जात. ज्याचे तिकीट काढायचे त्याच्या मशीनपाशी उभे राहत. "पयल्या दिशी कोन होतं संगं? हात कदी सापडला होता का?" असले प्रश्न विचारत. मग भंगाराच्या पेटीतून त्याच्या हातचा एखादा भाग शोधत, तो डिझेलने धुऊन, पुसून, पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचा फोटो काढत. मग माणसाला वर आणून शेजारी बसवत. "हनुवटी वर करा, राव. सायेब न्हाई समोर, मी हाय." हा सगळा वेळ मी शास्त्रशुद्ध वर्गीकरणानुसार एकाच शीर्षकाखाली टाकला: मूल्य न वाढवणारा वेळ.

उपाय तयार होता. सॉफ्टवेअरला एकदा कृती करून दाखवली की ते तीच कृती कितीही फोटोंवर आपोआप करते. ओळखपत्रांचे फोटो कार्मिक विभागाकडे होतेच. भागाच्या चित्राऐवजी कोपऱ्यात मी कर्मचारी क्रमांक बसवला. पेंटरकाका पार्श्वभूमीला प्रेसला लावतात तो फिका हिरवा रंग वापरत. मी काळा घेतला, कारण पांढरे दाते काळ्यावर सर्वांत स्पष्ट दिसतात. ही गोष्ट मी त्यांना आधी एकदा सुचवली होती. "दिसंल चांगलं," ते म्हणाले होते, "पन नको." आणि फुंकर.

पूर्वीचा वेळ: अर्धा दिवस. आताचा वेळ: दीड मिनिट. मनुष्यबळ बचत: एक.

मग एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्यासारखीने सर्वांत आधी विचारात घ्यायला हवी होती. स्पर्धेचा प्रत्येक तक्ता मोठ्या आकारात छापून भिंतीवर लागतो, आणि कारखान्यातली सगळी छपाई होते ती माळ्यावर, पेंटरकाकांकडे.

मी माझी फाइल इतर बारा जणांच्या फाइलींत मिसळून पेन ड्राइव्हवर दिली. गर्दीत वाचली जाणार नाही असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावले. माझा तक्ता पडद्यावर उघडा होता. मी दारातच थांबले.

"या की. समास कमी पडत व्हता, वाडवलाय. आन् हितं एक चुकलंय."

"काय?"

त्यांनी पट्टीचे टोक 'पूर्वीचा वेळ' या रकान्यावर ठेवले. "ह्यो वेळ कमी लिवलाय. भाग धुवायचा टाइम धरला न्हाई तुमी. डिझेल आनाया स्टोअरला जावं लागतं, त्ये बी न्हाई. अर्दा दिस न्हाई मॅडम, पाऊन दिस लागतो मला."

"काका, वेळ वाढवला तर..."

"तर तुमची बचत वाडंल. व्हय. पन खरं त्येच हाय ना?" त्यांनी आकडा स्वतः बदलला आणि छपाईचे बटण दाबले. यंत्रातून तक्ता हळूहळू बाहेर येत होता. शेवटचा अरुंद रकाना सर्वांत शेवटी आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद धरला, सुरकुती पडू नये म्हणून.

मी काही बोलायला हवे होते. मी "धन्यवाद" म्हणाले आणि जिना उतरले.

स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी महिनाअखेरचा निरोप समारंभ होता. तिघे निवृत्त होत होते. विभागप्रमुखांनी ठरवले की तिकिटे नव्या पद्धतीने काढून चाचणी घ्यावी. मी बटण दाबले. चहा निवायच्या आत तिन्ही तयार. कोपरे निर्दोष. फ्रेम व्यासपीठावर समईशेजारी टेबलावर मांडल्या. पाहुण्यांसाठी आणलेले हार तिथेच परातीत होते. कार्यालयातल्या एका उत्साही सहकाऱ्याने ती मांडणी पाहिली: काळ्या पार्श्वभूमीवरचे तीन फोटो, शेजारी समई, परातीत हार. त्याला जे योग्य वाटले ते त्याने केले. तिन्ही फोटोंना हार घातले, आणि वर कुंकवाचे बोटही लावले.

व्यासपीठाचा पडदा सरकला. पहिल्याच रांगेत प्रेस शॉपचे नाना पत्नीसह बसले होते. त्या ताडकन उठल्या.

"अगं बया! मानूस हितं बसलाय चा पीत, आन् ह्यांनी हार घालून मोकळं केलं व्हय?"

सभागृहात मागून दबलेले हसू आले. विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून पेंटरकाका चालत आले. घाई नाही. व्यासपीठावर चढले, पहिल्या फोटोवरचा हार काढला आणि खाली येऊन नानांच्या गळ्यात घातला.

"फोटोला कशापायी? मालक हितं हाय की."

नाना मोठ्याने हसले. "वाचवलंस राव, पेंटर! मी म्हनलं, पेन्शनच्या आदीच बोलावनं आलं काय."

टाळ्या पडल्या. उरलेल्या दोघांनाही हार घातले गेले. पाहुण्यांना वाटले, कार्यक्रमच असा बसवलेला आहे. मी मात्र नानांकडे पाहत होते. ते आपली फ्रेम डोळ्यांजवळ धरून निरखत होते.

"ह्यो पोरगा कोन?" त्यांनी विचारले. ओळखपत्राचा फोटो ते रुजू झाले तेव्हाचा होता.

"तुम्हीच, नाना."

"आन् ह्यो नंबर?"

"तुमचा कर्मचारी क्रमांक."

"मंग माजं ब्रॅकेट कुटाय?"

त्यांनी फ्रेम उलटी करून मागेही पाहिले, चुकून तिकडे लागले असेल अशा बेताने. मग ती पत्नीकडे दिली आणि खुर्चीखालची पिशवी शोधू लागले.

"काळा रंग तेवढा बदला," विभागप्रमुख नंतर म्हणाले. "बाकी उत्तम."

अंतिम फेरीत परीक्षकांसमोर माझी पाळी आली तेव्हा मी खिशातले पेन काढले, छापलेल्या तक्त्यावरचा 'एक' खोडला आणि शेजारी 'शून्य' लिहिले. सांगितले की माझे वर्गीकरण चुकले आहे. जो वेळ मी मूल्य न वाढवणारा म्हणून धरला, तेच ते काम होते. परीक्षकांपैकी एकाने घड्याळ पाहिले. विभागप्रमुखांनी मला बाहेर गाठले.

"हे काय केलंत? तो आकडा पुढच्या वर्षाच्या मनुष्यबळ आराखड्यात कधीच गेला आहे. आता खोडून काय होणार?"

काहीच झाले नाही. मला बक्षीस मिळाले नाही, पण कायम नेमणुकीचे पत्र मिळाले. माझी पद्धत वापरात आली होती. पुढच्या महिनाअखेरीस ठेकेदार बदलला. नव्या यादीत पेंटरकाकांचे नाव नव्हते. ठेकेदाराच्या माणसाला निवृत्ती नसते, त्यामुळे शाल नाही, श्रीफळ नाही, तिकीट नाही. मी त्या दिवशी पिंपरीला एका पुरवठादाराकडे तपासणीसाठी गेले होते. ती तपासणी मी मुद्दाम मागून घेतली होती, हेही इथे लिहिले पाहिजे.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी राजगुरुनगरला, त्यांच्या गावी गेले. त्यांचे घर शोधावे लागले नाही. रस्त्यालगतच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर ते शिडीवर उभे राहून पाढे रंगवत होते. अकरापर्यंत झाले होते. मला पाहून त्यांनी ब्रश डब्यात उभा केला, पण खाली उतरले नाहीत.

"या मॅडम. चा सांगू का?"

"नको. काका, मी त्या दिवशी परीक्षकांसमोर..."

"शून्य लिवलं. कळलं मला."

मला बरे वाटले. इतके लांब येण्याचे प्रयोजन तेवढेच होते, हे मला त्या क्षणी उमगले: त्यांना ते ठाऊक असावे.

"पन खोटं लिवलंत," ते म्हणाले.

"काय?"

"एक मानूस कमी झालाच की. ह्यो काय, हितं उबा हाय. आकडा बरोबर व्हता तुमचा. माज्यापायी तुमी बरोबर आकडा खोडला. त्ये मला न्हाई पटलं."

मी उसळले. "बरोबर नव्हता! नानांनी ब्रॅकेट शोधलं, फ्रेम उलटी करून शोधलं. ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. मापनात एक राशी धरलीच नाही, तर उत्तर बरोबर कसं? तुम्ही खाली जात होता, त्यांच्याशी बोलत होता, त्याचं काहीतरी माप आहे. मी ते घेतलं नाही, एवढंच."

"मंग घ्या की," ते म्हणाले. रागाने नव्हे, समास वाढवा म्हणावे तसे. "मोजून दावा. तवा खोडा."

आणि ते भिंतीकडे वळून बारा एके बारा रंगवू लागले.

तेव्हापासून मी स्पर्धेच्या तक्त्यात एक नवा रकाना मागते आहे. दर महिन्याला, माझी पद्धत बाजूला ठेवून, निवृत्त होणाऱ्याच्या मशीनपाशी जाते, भंगाराच्या पेटीत हात घालते, प्रश्न विचारते आणि नोंदी ठेवते. माझ्या वहीत आता बरीच पाने आहेत: कोण किती बोलले, कोणी काय दाखवले, कोण गप्प राहिले. बसमध्ये, रांगेत, बैठकीत मी त्या नोंदी चाळते आणि त्यांतून एक राशी वेगळी काढायचा प्रयत्न करते. माझा अर्ज आतापर्यंत तीनदा परत आला आहे. शेरा तिन्ही वेळा तोच: 'एकक नमूद करावे.' भौतिकशास्त्राने मला सात मूलभूत एकके शिकवली. त्यांतले एकही इथे बसत नाही. काल मी चौथा अर्ज भरला, आणि एककाची जागा मोकळी सोडलेला तो अर्ज कंपनीच्या आवक खिडकीवरच्या कारकुनाने हातातही घेतला नाही.